शिवणीची आतली बाजू : इंग्रजीतील वस्त्रविषयक वाक्प्रचार

कापडाची सुलट बाजू मिरवण्यासाठी असते. शिंप्याला पाहायची असते ती उलट बाजू. टाके, गाठी, जोड आणि कारागिराची लबाडी, सगळे तिथे दिसते. वाक्प्रचारांनाही अशी उलट बाजू असते. इंग्रजी भाषेत कपड्यांवरून आलेले वाक्प्रचार शेकड्यांनी आहेत. टोपी, कॉलर, बाही, हातमोजा, पट्टा, खिसा, बूट, बुटाची नाडी यांपैकी एकही वस्तू त्या भाषेने वाया जाऊ दिलेली नाही. आपल्याकडे शाळेत हे वाक्प्रचार अर्थासह पाठ करून घेतात आणि उगमाची चौकशी केली की बहुधा एखाद्या सरदाराची, न्यायाधीशाची किंवा पलटणीची गोष्ट हाती येते.

या गोष्टी एकत्र ठेवून वाचल्या तर एक गंमत लक्षात येते. त्या जवळजवळ सगळ्या कपडे घालणाऱ्यांच्या आहेत. कपडे विणणारा, रंगवणारा, शिवणारा आणि धुणारा त्यांत क्वचितच भेटतो. कोशांतले पुरावे मात्र पुष्कळदा याच दुसऱ्या गटाकडे बोट दाखवतात. लोकांनी सांगितलेला उगम दरबारात आणि सापडलेला उगम कारखान्यात, हे अंतर कसे पडले, त्याचा शोध या लेखात घ्यायचा आहे.

१. दरबारी गोष्टींची कसोटी

एखाद्या वाक्प्रचाराच्या उगमाची गोष्ट खरी की रचलेली, हे ठरवायला तीन साधे प्रश्न पुरतात. तो छापील मजकुरात पहिल्यांदा केव्हा दिसतो? कुठे दिसतो? आणि तेव्हा त्याचा अर्थ आजचाच होता का? या तीन प्रश्नांपुढे अनेक नामांकित गोष्टी टिकत नाहीत.

नटूनथटून आलेल्या माणसाला इंग्रजीत ‘ड्रेस्ड टू द नाइन्स’ म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ब्रिटिश लष्कराची ९९ वी पलटण आपल्या टापटिपीसाठी प्रसिद्ध होती आणि इतर पलटणी तिच्या तोडीचे दिसण्यासाठी धडपडत. पलटणीची टापटीप खरी असेल. पण ‘टू द नाइन्स’ हे शब्द अठराव्या शतकातल्या स्कॉटिश कवितेतच भेटतात. रॉबर्ट बर्न्सनेही ते वापरले आहेत. तिथे त्यांचा अर्थ ‘अगदी परिपूर्ण’ एवढाच आहे, कपड्यांचा संबंध नाही. म्हणजे कपडे या शब्दांना नंतर चिकटले आणि पलटण त्याहून नंतर.

‘पुल द वूल ओव्हर समवन्स आइज’ म्हणजे डोळ्यांत धूळ फेकणे. याची गोष्ट लंडनच्या श्रीमंतांच्या आणि न्यायाधीशांच्या केसांच्या टोपांपर्यंत नेतात : चोर तो टोप डोळ्यांवर ओढत आणि खिसा कापत. पण हा वाक्प्रचार सापडतो १८३० च्या दशकाच्या अखेरीस, आणि तोही अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत. तोवर सर्वसामान्य इंग्रज गृहस्थाच्या डोक्यावरून टोप उतरून पिढी उलटली होती. आपल्या ‘टोपी घालणे’शी याचे साम्य गमतीचे आहे. दोन्हीकडे फसवणूक डोक्यावरून खाली येते. मात्र साम्य म्हणजे नाते नव्हे.

‘रन द गॉन्टलेट’ हे आणखी बोलके उदाहरण. गॉन्टलेट म्हणजे चिलखती हातमोजा. तो जमिनीवर टाकून आव्हान देण्याची पद्धत खरी होती आणि ‘थ्रो डाउन द गॉन्टलेट’ तिथूनच आला. पण दोन रांगांमधून मार खात पळण्याच्या शिक्षेचा हातमोजाशी काही संबंध नाही. तो मूळ स्वीडिश शब्द ‘गाटलोप’. ‘गाटा’ म्हणजे बोळ आणि ‘लोप’ म्हणजे धाव. सतराव्या शतकात युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात तो इंग्रजीत आला, इंग्रजांच्या जिभेवर त्याचा ‘गँटलोप’ झाला आणि पुढे ओळखीच्या हातमोजात त्याने हात घातला. उघड्या पाठीवर फटके खाणाऱ्या साध्या शिपायाच्या शिक्षेला सरदाराचा हातमोजा मिळाला.

मनातले सगळे उघडपणे दाखवणे म्हणजे ‘वेअर युअर हार्ट ऑन युअर स्लीव्ह’. याच्यासाठी सरदारांच्या झुंजी सांगतात : प्रेयसीचा रुमाल किंवा फीत दंडावर बांधून सरदार मैदानात उतरत. ही चाल होती, यात शंका नाही. पण वाक्प्रचाराचा जुना पुरावा आहे तो शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मध्ये, आणि तिथे तो बोलतो इयागो. नाटक सुमारे १६०४ मधले, छापले गेले १६२२ मध्ये. इयागो म्हणतो ते नेमके उलट आहे. काळीज बाहीवर लावले तर पाखरे टोचा मारतील, म्हणून मी तसे कधीच करणार नाही, असे त्याचे सांगणे. इंग्रजी भाषेत निष्कपटपणाचे जे प्रतीक झाले, ते शब्द तिच्या सर्वांत कपटी पात्राच्या तोंडचे आहेत. सरदाराची गोष्ट सांगण्याच्या भरात ही खरी नाट्यमय गोष्ट झाकली जाते.

२. टांगणीला लागलेले कापड

आता कारखान्याकडे वळू. लोकरीचे कापड ही मध्ययुगीन इंग्लंडची दौलत होती. मागावरून उतरलेले कापड तेलकट, मळकट आणि विरविरीत असे. ते धुऊन, कुटून, घट्ट करून ओलेच लाकडी चौकटींवर ताणत, म्हणजे वाळताना ते आटत नसे आणि वाकडे होत नसे. या चौकटीला ‘टेंटर’ म्हणत; ‘ताणणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेला हा शब्द. चौकटीच्या काठांना वाकडे खिळे असत, तेच ‘टेंटरहुक्स’. गावाबाहेरच्या मैदानांत अशा चौकटींच्या रांगा उभ्या असत. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात ‘टेंटर ग्राउंड’ नावाचा रस्ता आजही आहे. अठराव्या शतकात, उदाहरणार्थ १७४८ च्या स्मॉलेटच्या ‘रॉडरिक रँडम’ या कादंबरीत, हे खिळे मनाच्या अवस्थेसाठी वापरलेले दिसतात. आज ‘ऑन टेंटरहुक्स’ म्हणजे आतुरतेने, धास्तीने वाट पाहणे. मराठीत याला तोलाचा शब्दप्रयोग तयार आहे : जीव टांगणीला लागणे. मात्र आपल्या टांगणीला कशाचाही जीव लागू शकतो. इंग्रजी खिळ्यांवर ओले कापडच ताणलेले आहे. चौकटी गेल्या, खिळे विसरले गेले, म्हणून आज कित्येक इंग्रजी भाषक ‘टेंडरहुक्स’ म्हणतात, म्हणजे कोवळे खिळे. धंदा विसरला की शब्दाचे असे होते.

‘डाइड इन द वूल’ हाही त्याच परिसरातला. कापड विणून झाल्यावर रंगवले तर रंग वरवर बसतो; लोकर कातण्याआधीच रंगवली तर तो धाग्यात मुरतो. रंगाऱ्याचे हे ज्ञान सोळाव्या शतकापासून माणसांच्या स्वभावाला लावले जाऊ लागले. आपण ‘हाडाचा शिक्षक’ म्हणतो, तिथे इंग्रजी माणूस लोकरीपर्यंत जातो.

या धंद्यातला सर्वांत दुखरा शब्द आहे ‘शॉडी’. आज तो विशेषण आहे : हलक्या दर्जाचे, कसेतरी उरकलेले. पण मुळात ते एका मालाचे नाव होते. यॉर्कशरमधल्या बॅटली गावी १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने लोकरी चिंध्या पिंजून, त्यांत थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत कातण्याची रीत बसवली. त्यातून निघालेले कापड स्वस्त होते आणि ज्यांना नवी लोकर परवडत नसे त्यांना ते ऊब देई. बॅटली आणि ड्यूजबरी ही गावे या धंद्यावर वाढली.

मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या सैन्याला एकाएकी लाखो गणवेश हवे होते. ठेकेदारांनी निकृष्ट शॉडी नवी लोकर म्हणून खपवली आणि पावसात भिजल्यावर शिपायांच्या अंगावरच कपड्यांच्या चिंधड्या झाल्या. युद्धात गबर झालेल्या वर्गाला लोक ‘शॉडी’ म्हणू लागले; १८६३ मध्ये ‘द डेज ऑफ शॉडी’ नावाची कादंबरीही निघाली. ठेकेदार विस्मरणात गेले. बदनामी मात्र कापडाच्या नावाला कायमची चिकटली. चिंध्यांतून कापड करणाऱ्या कारागिराने कोणाला फसवले नव्हते. जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्याचा हाच धंदा आज पानिपतात मोठ्या प्रमाणावर चालतो. ज्या गावाच्या नावाला आपण ‘पानिपत होणे’ एवढ्याच अर्थाने ओळखतो, त्या गावाची ही दुसरी ओळख शब्दांच्या नशिबाविषयी पुष्कळ सांगून जाते.

‘होल क्लॉथ’चे नशीब याच्या जवळचे. पंधराव्या शतकात याचा अर्थ मागावरून उतरलेला अखंड ताका. अखंड तागा कापून केलेला अंगरखा म्हणजे अस्सल माल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ‘मेड आउट ऑफ होल क्लॉथ’चा अर्थ झाला ‘धडधडीत खोटे’. अखंड म्हणून सांगायचे आणि तुकडे जोडून द्यायचे, या शिंप्यांच्या लबाडीमुळे अर्थ उलटला असे एक स्पष्टीकरण देतात. दुसरे स्पष्टीकरण साधे आहे : जे खोटे कुठल्याही जुन्या तुकड्यावाचून, सबंध नव्याने बेतलेले असते, ते अखंड ताग्यातले खोटे. मला दुसरे अधिक पटते, कारण त्यासाठी कुणा शिंप्याला चोर ठरवावे लागत नाही.

३. नऊ शिंप्यांचा एक माणूस

शिंप्याला चोर ठरवण्याची सवय इंग्रजीला जुनीच आहे. ‘नऊ शिंपी मिळून एक माणूस होतो’ ही म्हण सतराव्या शतकापासून चालत आली. तिला सभ्य करण्यासाठी एक व्युत्पत्ती सांगतात : मूळ शब्द ‘टेलर्स’ नसून ‘टेलर्स’च, पण मोजणारे या अर्थाचा, गावात पुरुष वारला की चर्चच्या घंटेचे नऊ ठोके पडत, ते हे मोजणारे. डोरोथी सेअर्सने १९३४ च्या आपल्या ‘द नाइन टेलर्स’ या रहस्यकादंबरीत घंटांच्या या परंपरेचा सुरेख उपयोग केला आहे. पण म्हण शतकानुशतके वापरली गेली ती शिंप्याची हेटाळणी करण्यासाठीच. बैठ्या, वाकलेल्या, सुईच्या कामाला पुरुषी न मानणाऱ्या समाजाचा तो विनोद होता.

टॉमस कार्लाइलने हा विनोद पकडला. १८३३-३४ मध्ये ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये क्रमशः आलेल्या त्याच्या ‘सार्टर रिसार्टस’ या ग्रंथाचे नावच ‘पुन्हा शिवलेला शिंपी’ अशा अर्थाचे आहे. माणसाच्या संस्था, पदव्या, धर्माचार ही सगळी वस्त्रेच आहेत आणि ती विरतात, हे त्याचे तत्त्वज्ञान. त्यात राणी एलिझाबेथचा एक किस्सा येतो. अठरा शिंप्यांचे शिष्टमंडळ भेटायला आले तेव्हा राणीने ‘दोघांनाही’ सुप्रभात म्हटले! किस्सा सांगून कार्लाइल शिंप्याची बाजू घेतो. जग कपड्यांवर चालते, तर कपडे करणारा अर्धवट माणूस कसा? मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. आपल्या संतपरंपरेत नामदेव शिंपी आहेत आणि गज-कात्री ही त्यांच्या धंद्याची हत्यारे त्यांच्या नावावरील हिंदी पदात भक्तीची साधने होऊन येतात. शिंपी म्हणजे माणसाचा नववा हिस्सा, असे आपल्या भाषेला कधी सुचले नाही.

‘कट युअर कोट अकॉर्डिंग टू युअर क्लॉथ’ ही म्हण जॉन हेवुडच्या १५४६ च्या म्हणींच्या संग्रहात आहे. आपण तिचे भाषांतर ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असे करतो. उपदेश एकच, पण चित्र वेगळे. आपल्या म्हणीत माणूस एकटा आहे. अंथरुणाची लांबी ठरलेली आणि पाय आवरायचे आहेत. इंग्रजी म्हणीत गिऱ्हाईक कापड घेऊन शिंप्याकडे आले आहे. कापड महाग, शिलाई स्वस्त, असा तो काळ. आहे त्या कापडात अंगरखा बसवण्याचे कसब शिंप्याचे. ‘बेतणे’ हा शिंपीकामातला शब्द आणि ‘बेताचे’ हा काटकसरीचा शब्द मराठीतही शेजारी नांदतात, ते इथे आठवते. शिवाय हेवुडच्या इंग्लंडमध्ये कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते कापड वापरावे, याचे कायदे होते. १५७१ मध्ये तर सहा वर्षांवरच्या बहुतेक सर्व सामान्य प्रजेने रविवारी आणि सणावारी देशी लोकरीची टोपी घातलीच पाहिजे असा कायदा झाला. लोकरीच्या टोप्यांचा धंदा वाचवण्यासाठी. अशा काळात ‘आपल्या कापडाप्रमाणे’ या शब्दांत ऐपतीइतकीच पायरीही ऐकू येत असली पाहिजे.

वाक्प्रचारांनी शिवणाऱ्याला विसरले तरी साहित्याने पूर्ण विसरले नाही. टॉमस हुडची ‘द साँग ऑफ द शर्ट’ ही कविता १८४३ मध्ये ‘पंच’मध्ये आली आणि उपाशीपोटी सदरे शिवणारी बाई सुखवस्तू इंग्लंडला दिसली. १८४९-५० मध्ये हेन्री मेह्यूने ‘मॉर्निंग क्रॉनिकल’मध्ये लंडनच्या शिंप्यांच्या आणि शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या हकिकती छापल्या. १८५० मध्ये चार्ल्स किंग्जलीने स्वस्त कपड्यांमागच्या पिळवणुकीवर पत्रक काढले आणि ‘आल्टन लॉक’ या कादंबरीत शिंप्यालाच नायक केले. ठेकेदाराने घरोघर काम वाटून मजुरी पिळून काढण्याच्या पद्धतीला ‘स्वेटिंग’ म्हणत. आजचा ‘स्वेटशॉप’ हा शब्द त्याच घामाचा.

४. टोपीवाल्याचे वेड

‘मॅड ॲज अ हॅटर’ या वाक्प्रचारात कारागीर स्वतः समोर येतो, पण वेडा म्हणून. फेल्टची टोपी सशाच्या केसांपासून होई. केस एकमेकांत गुंतावेत म्हणून कातड्यावर पाऱ्याचे नायट्रेट चोळत. त्याने केसांची टोके नारिंगी होत, म्हणून कारागीर या क्रियेला गाजरावरून ‘कॅरटिंग’ म्हणत. पुढे गरम पाण्यात आणि वाफेत टोपी घडवताना पारा श्वासातून शरीरात जाई. हात थरथरत, दात हलत, लाळ गळे, माणूस चिडचिडा होई आणि माणसांसमोर यायला लाजे. न्यू जर्सीतले डॉक्टर फ्रीमन यांनी १८६० मध्ये टोपीकामगारांच्या या पाराविकाराविषयी लिहिले. कनेटिकटमधल्या डॅनबरी या टोप्यांच्या गावात या थरथरीला गावाचेच नाव पडले. अमेरिकेत फेल्टसाठी पारा वापरणे थांबले ते १९४१ मध्ये. त्या वेळी युद्धासाठीही पारा हवा होता.

वाक्प्रचार छापील रूपात दिसतो १८२९ मध्ये, ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात. लुइस कॅरलच्या ‘ॲलिस’च्या (१८६५) छत्तीस वर्षे आधी. तो पाऱ्यावरूनच आला का? सर्व अभ्यासक हे मान्य करत नाहीत. काहींच्या मते ‘हॅटर’ हा ‘ॲडर’ या विषारी सापाच्या नावाचा अपभ्रंश आहे. कॅरलच्या हॅटरबद्दल तर १९८३ मध्ये एच. ए. वॉल्ड्रन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आक्षेपच घेतला : पाऱ्याने बाधलेला माणूस लाजाळू आणि भित्रा होतो, हा हॅटर तर बडबड्या आणि आगाऊ आहे. आक्षेप रास्त आहे. पण त्यातून जे निघते ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. विनोदातला टोपीवाला आणि आजारी टोपीवाला ही दोन वेगळी माणसे आहेत. पहिला जगभर प्रसिद्ध झाला. दुसरा लाजाळूच होता. तो लोकांसमोर आला नाही.

५. पांढरी कॉलर कोणी धुतली?

‘व्हाइट कॉलर’ आणि ‘ब्लू कॉलर’ हे शब्द विसाव्या शतकातले आणि अमेरिकी. अप्टन सिंक्लेअरने १९१९ मध्ये कारकून वर्गासाठी पांढऱ्या कॉलरचा उल्लेख केला. निळी कॉलर १९२० च्या दशकात आली. १९५१ च्या सी. राइट मिल्सच्या ‘व्हाइट कॉलर’ या ग्रंथाने पहिला शब्द समाजशास्त्रात पक्का बसवला. ही पांढरी कॉलर सदऱ्याला शिवलेली नसे. ती सुटी असे. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावात १८२० च्या दशकात हॅना माँटेग्यू या गृहिणीने नवऱ्याचा सदरा रोज धुण्याचा ताप वाचवण्यासाठी फक्त कॉलर कापून वेगळी धुतली, अशी तिथली परंपरा सांगते. त्यातून एवढा धंदा वाढला की ट्रॉयला ‘कॉलर सिटी’ म्हणू लागले.

कॉलर पांढरी आणि ताठ राहावी म्हणून ती धुवावी लागे, खळ घालावी लागे आणि तापलेल्या इस्त्र्यांनी घोटावी लागे. ही कामे ट्रॉयच्या धुलाईघरांत बायका करत, बऱ्याचशा आयर्लंडहून आलेल्या. १८६४ मध्ये केट मलेनी या तरुणीच्या पुढाकाराने त्यांनी ‘कॉलर लाँड्री युनियन’ स्थापन केली, संप केला आणि मजुरी वाढवून घेतली. अंगमेहनत न करणाऱ्यांची खूण म्हणून जी कॉलर पुढे भाषेत गेली, तिचा पांढरेपणा असा भाजलेल्या हातांचा होता.

आपल्याकडे ‘पांढरपेशा’ हा शब्द ‘व्हाइट कॉलर’चे भाषांतर समजला जातो. तो तसा नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणच्या महसुली व्यवहारात हा शब्द रूढ होता आणि त्या वर्गाला साऱ्यात सवलत मिळत असे. अमेरिकेला कॉलर सुचण्याआधीच आपण पांढऱ्या कपड्याला प्रतिष्ठा आणि सवलत दोन्ही दिली होती. तो पांढरा ठेवणारा परीट आपल्या शब्दातही नाही.

६. बुटाचे पट्टे

शेवटचे उदाहरण आजही रोज ऐकू येणारे. ‘पुल युअरसेल्फ अप बाय युअर बूटस्ट्रॅप्स’ म्हणजे कुणाची मदत न घेता स्वतःच्या बळावर वर या. बूट पायात चढवण्यासाठी त्याच्या वरच्या कडेला जे पट्टे असत, ते बूटस्ट्रॅप्स. ते धरून स्वतःला उचलता येत नाही, हे कुठल्याही मुलाला कळते. म्हणींच्या पुस्तकांतून याचा उगम बॅरन मुनखाउसेनच्या गप्पांत सांगतात. पण जर्मन आवृत्तीतला बॅरन दलदलीतून बाहेर येतो तो स्वतःची शेंडी ओढून. बुटांचा तिथे पत्ता नाही. छापील पुरावा अमेरिकेत १८३४ चा आहे. मर्फ्री नावाच्या गृहस्थाने अविरत चालणारे यंत्र शोधल्याचा दावा केला. त्यावर एका वृत्तपत्राने टोमणा मारला की, आता हे महाशय बुटांचे पट्टे धरून स्वतःला नदीपलीकडेही उचलून नेतील. १८८८ च्या पदार्थविज्ञानाच्या एका पाठ्यपुस्तकात, माणसाला असे का करता येत नाही, हा प्रश्नच विद्यार्थ्यांना घातलेला होता.

म्हणजे निदान पन्नास वर्षे हा वाक्प्रचार अशक्यतेचा होता. विसाव्या शतकात तो उपदेश झाला, आणि उपदेश बहुधा ज्याच्या पायात बूटच नाही त्याला केला जातो. याच शब्दावरून कॉम्प्युटर ‘बूट’ होऊ लागला : कुणीतरी चालू केल्यावाचून यंत्राने स्वतःच स्वतःला कसे चालू करावे, या पेचावरून. तंत्रज्ञांनी मूळ पेच लक्षात ठेवला. उपदेशकांनी तो विसरून टाकला.

वाक्प्रचाराचा अर्थ बदलतो, त्यात गैर काही नाही. भाषा अशीच जगते. पण अर्थ कोणत्या दिशेने बदलला हे पाहणे समीक्षेचे काम आहे. ‘शॉडी’त दोष ठेकेदाराकडून कापडाकडे गेला. ‘हॅटर’मध्ये आजाराची थट्टा झाली, ‘बूटस्ट्रॅप्स’मध्ये थट्टेचा उपदेश. उगमकथा मात्र दरवेळी वरच्या मजल्यावर चढल्या. आपल्या भाषेतल्या वस्त्रविषयक शब्दांची अशी तपासणी अजून व्हायची आहे. पदरमोड करणे, टोपी फिरवणे, कंबर कसणे, धागेदोरे जुळवणे यांचे अर्थ कोशांत आहेत. त्यांच्यामागचे काम साळी, कोष्टी, रंगारी, शिंपी आणि परीट यांच्या बोलीत असणार. माग आणि रंगाची पिपे एकेक करून थांबत असताना ती बोली ऐकून ठेवायला फार वेळ उरलेला नाही.